चिंचेच्या पाण्यातला फिरोजा

आमच्याकडं चांदीचा कुठलाही डागिना घडून झाला, की शेवटी त्याला चिंचेच्या पाण्यात उकळायचं. जाळावर काळवंडलेली चांदी त्या आंबट पाण्यात पांढरीधोप होते. मग रिठ्यानं घासली, की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला तयार. हे मला कुणी बसून शिकवलं नाही. सोनाराच्या घरात जन्मले आणि सोनाराच्याच घरात दिली, त्यामुळं चांदी हातात आली की माझा दुसरा हात चिंचेच्या गाडग्याकडं आपोआप जायचा. त्याच सवयीच्या हातानं एकदा एका आईच्या जिवाला घोर लावला, ते सांगते.

तेव्हा आम्ही उमरग्याला होतो. राज्य निजामाचं. लढाई कुठंतरी लांब चालली होती. आम्हाला ती कळायची रॉकेलच्या टंचाईवरून आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाणाऱ्या लष्करी मोटारींच्या धुरळ्यावरून. पुढं दुकान, मागं घर. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते नावाजलेले कारागीर, पण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. हातोडी चालायची, फुंकणी चालायची. खडा बसवायला मात्र हात ठरायचा नाही. आमचे हे गावोगावचे बाजार करत फिरायचे. तेव्हा खडे बसवायचं काम माझ्याकडं आलं. गिऱ्हाइकाला अर्थातच हे सांगायचं नाही. बाईच्या हातची भाकरी चालते, बाईच्या हातची अंगठी कोण घालणार? मी आत परसाकडच्या खिडकीशी बसून खडा बसवायची आणि मामंजी बाहेर तो आपल्या नावावर द्यायचे. लोक वाहवा करायचे. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगलाच यायचा.

फसलं नव्हतं ते एकच माणूस. बांगड्या भरणारी खाला. खाला म्हणजे मावशी; सगळं गावच तिला तसं म्हणायचं, हिंदू काय नि मुसलमान काय. टोपली घेऊन ती घरोघर जायची. बांगडी भरायची तर बाईचा पंजा हातात घ्यावा लागतो, अंगठ्याचं मूळ दाबून तो मऊ करावा लागतो. त्यामुळं गावातल्या एकूण एक हाताची खबर तिच्याकडं असे. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं मनगट नवऱ्यानं पिरगळलंय, सगळं तिला कळे आणि तिच्या पोटात राही. माझ्या बोटांवरचे चट्टे बघून एकदा म्हणाली, "ह्ये चुलीचं भाजनं न्हाय. सोनाराच्या जाळाचं हाय. खडे तूच बसवतीस व्हय गं?"

मी मान खाली घातली. तिनं एक बांगडी जास्तीची चढवली आणि म्हणाली, "राहू दे. म्या कुनाला बोलत न्हाय." आणि खरंच बोलली नाही.

खाला विधवा होती. एकच मुलगा. तो याच रस्त्यावर कुणाच्या तरी लॉरीवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि लढाईत मोटार हाकणारी माणसं हवी झाली तेव्हा पलटणीत भरती होऊन इराणकडं गेला. सुरुवातीला त्याची पत्रं यायची. खाला ती शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि बांगड्या भरताना आम्हाला ऐकवायची. तिकडं बर्फ पडतं, तिकडं खजूर रस्त्यावर मिळतो, तिकडचा चहा बिनदुधाचा. मग पत्रं थांबली. चार महिने झाले, पाच झाले. खालानं ऐकवायचं बंद केलं, आम्हीही विचारायचं बंद केलं.

रमजानची ईद होऊन गेली आणि एके दिवशी सकाळीच ती आली, टोपलीशिवाय. मामंजी चांदी आणायला सोलापूरला गेले होते. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथं तपासणी, दोन दिवस तरी जायचे. खाला दुकानात न थांबता सरळ आत माझ्यापाशी आली आणि पदराची गाठ सोडली. आत कापसात गुंडाळलेला निळा खडा होता. वालाच्या दाण्याएवढा, आणि काय निळा म्हणून सांगू! पोळ्याच्या आसपास पाऊस उघडला की एखाद्या सकाळी आभाळ जसं दिसतं, तसा.

"लोहारा गावाकडचा एक पोरगा सुट्टीवर आलाय," ती म्हणाली. "माझ्या पोराच्याच पलटनीतला. त्यानं ह्यो आनून दिला. इरानातला फिरोजा हाय. पोरानं सांगून धाडलंय, अम्माला म्हनावं चांदीत बसवून बोटात घाल. जवर खडा निळा हाय तवर म्या बरा हाय, असं समज."

फिरोजाबद्दल हे सगळेच मानायचे. आपल्या माणसावर संकट आलं की तो रंग सोडतो. त्या लोहाऱ्याच्या पोरानंही तिकडून निघून बरेच दिवस झालेले, वाटेत कुठंकुठं अडकून तो आला होता. त्याच्याकडं ताजी खबर नव्हती. खालाजवळ आता होता तो हा खडाच.

"कागद यायचा तवा येऊ दे," ती म्हणाली. "कागद आला तरी मला कुठं वाचता येतोय? ह्यो तर म्या रोज सकाळी उठून सोताच्या डोळ्यानं वाचीन. पन पाठ उघडी ठेव बेटी. खडा बोटाला लागला पायजे."

मग तिनं चांदी काढली. तान्ह्या मुलाच्या पायातला एक वाळा, चेपलेला. दुसरा कधीच हरवला होता. कुणाचा, हे मी विचारलं नाही.

"बसवायचा तूच," ती म्हणाली. "आन शुक्रवारच्या आत दे."

मी सरळ म्हणायला हवं होतं, खाला, मामंजी एक-दोन दिवसांत येतील, तोवर थांबा. पण माझ्या अंगात तोरा होता. दोन वर्षं दुसऱ्यानं घडवलेल्या अंगठीत खडा बसवला. आज पहिल्यांदा कुणीतरी माझं काम म्हणून माझ्याकडं आलं होतं. अख्खी अंगठी मी एकटीनं करणार होते. मी म्हणाले, "उद्या या."

दोऱ्यानं तिच्या बोटाचं माप घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पंजे दाबून तिची पेरं सुजलेली, आणि पेराच्या खाली बोट बारीक. अंगठी पेरावरून उतरली पाहिजे आणि खाली गेल्यावर फिरता कामा नये. हे जमवायचं म्हणजे अक्कल लागते, आणि ती मला आहे असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

वाळा मुशीत टाकला, चांदी साफ वितळावी म्हणून सवागीची चिमूट टाकली, फुंकणीनं निखारा फुलवला. चांदी वितळते तेव्हा आधी बसते, मग गोळा होते, आणि एका क्षणी तिच्यावरचं सगळं मळभ जाऊन ती लखलखते. ती वेळ चुकवायची नाही. मी चुकवली नाही. ओतलेली कांब ऐरणीवर ठोकत, मध्ये मध्ये तापवत पट्टी केली. पट्टी वळवून, तोंडं जुळवून झाळली. मग खड्याचं घर, कोंदण. पातळ चांदीची कड, खड्याच्या अंगाला अगदी लागून, आणि तळ कापून मोकळा, म्हणजे खालाचं बोट आणि तिच्या मुलाचा खडा यांच्यामध्ये काही राहू नये. कोंदण कड्यावर झाळलं. मग अंगठी चिंचेत उकळली, रिठ्यानं घासली, आणि सगळ्यात शेवटी खडा. बोथट सळईनं कड चारी बाजूंनी थोडी थोडी दाबत आणायची. एका बाजूनं घाई केली की खडा तडकतो. मी श्वास धरून दाबत होते. खडा बसला. हलवून बघितला, जागचा ढळेना. मी अंगठी खिडकीतल्या उजेडात धरली आणि एकटीच हसले. मामंजींनीसुद्धा याहून काय बरं केलं असतं?

तेवढ्यात मला कोंदणाच्या बुडाशी एक करडा ठिपका दिसला. झाळल्याचा काळसरपणा एका बाजूला राहून गेला होता. कुणाला दिसलाही नसता. पण खालाच्या अंगठीत ठिपका? चुलीवर चिंचेचं पाणी अजून कोमट होतं. मी अंगठी त्यात सोडली.

आता इथं कुणी म्हणेल, एवढंही कळू नये? तर सांगते, नव्हतं कळत. आमच्या गावात चांदीच्या अंगठीत बसायचा तो अकीक. लाल, कथ्थी, टणक. अकिकाची अंगठी मी खड्यासकट दहादा चिंचेत टाकली होती, त्याला काही होत नाही. फिरोजा माझ्या हाताखालून आजवर गेलाच नव्हता. आणि चांदी तेवढी चिंचेत, हा हिशोब माझ्या हातात बसलेला. पाच मिनिटांनी काढायची होती, तेवढ्यात मोठ्या जाऊबाई माहेरच्या माणसांना घेऊन आल्या. त्यांचं चहापाणी, त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी, त्यांच्या गप्पा. दिवे लावायच्या वेळी मी गाडगं धुवायला घेतलं आणि बुडाशी अंगठी दिसली.

खडा हिरवा झाला होता. वाळलेल्या पावट्यासारखा फिकट, मळका हिरवा.

मी तो पाण्यानं धुतला. पदरानं पुसला. उबेला धरला. वाळला की निळा होईल, असं स्वतःला सांगत चुलीसमोर बसून राहिले. वाळला आणि आणखीच फिका पडला. ठिपका मात्र गेला होता. चांदी काय सुरेख पांढरी झाली होती! मला माझ्या हातांचा इतका राग आला, की ते निखाऱ्यात घालावेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी आले. मी अंगठी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी आधी घडण बघितली, कडा बघितल्या, आणि त्यांच्या तोंडून "वा" निघालं. मग खडा बघितला आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"अकीक काय पीत न्हाय सूनबाई," ते म्हणाले. "फिरोजा पितो. पानी पितो, तेल पितो, घाम पितो. तू त्याला चिंच पाजलीस."

"परत निळा होईल?"

"न्हाय व्हायचा."

मी त्यांना खालाच्या मुलाचा निरोप सांगितला. त्यांनी अंगठी पुन्हा उलटीपालटी करून बघितली. मग हळूच म्हणाले, "म्या परत सोलापूरला जातो. असाच फिरोजा, असाच रंग, बघून आनतो. चार दिवस तिला थांबव. तिला काय कळतंय?"

माझ्या जिवात जीव आला. अगदी खरं सांगते, मी मनातल्या मनात त्यांच्या पायाच पडले. पण भाकऱ्या थापायला बसले आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. सोलापूरच्या दुकानातला कुठलातरी खडा. तो निळाच राहणार, मुलाचं काहीही होवो. आणि ही बाई रोज सकाळी उठून त्याला आपल्या पोराची खुशाली विचारणार. मग वाटायचं, विचारू दे की, तेवढंच तिला सुख. एक भाकरी थापून होईपर्यंत मी दोनदा इकडं आणि दोनदा तिकडं झाले. मी काही फार मोठा सत्याचा निर्धार केला, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. खाला दारात आली, "झाली का गं?" म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"खाला, माझ्या हातनं खडा बिघडला."

तिनं अंगठी घेतली. बघितली. उभी होती ती खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती त्या हिरव्या खड्याकडं बघत राहिली आणि तिचे ओठ हलत राहिले. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. ठिपका, चिंच, पाहुणे, विसरणं. ती ऐकत होती की नव्हती, कळेना. शेवटी म्हणाली, "कवा फिरला रंग?"

"काल. चिंचेत फिरला खाला. माझ्यामुळं फिरला."

"कालच," ती म्हणाली. "म्हंजी कालच झालं काय ते."

"अहो न्हाय! काही झालेलं न्हाय. माझी चूक हाय ही."

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर परवडला असता. माया होती. "तू लई गुनाची पोर हायस," ती म्हणाली. "माझं काळीज फुटू नाय म्हनून सोतावर घेतीस. मला काय कळत न्हाय व्हय? सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, ह्ये म्या का आज ऐकते? सोनारानं कवा आपली चूक कबूल केलीय? या गावात तरी म्या बघितलं न्हाय."

जन्मात एकदा सोनारानं खरी चूक कबूल केली, आणि ती कुणाला पटेना! मी शपथा घेतल्या. देवाची घेतली, कुंकवाची घेतली. जितक्या शपथा घेत गेले तितकी ती जास्त प्रेमानं मान हलवत गेली. तिच्या लेखी तिचा मुलगा कालच गेला होता आणि मी त्यावर पांघरूण घालत होते.

मामंजी दारात उभे राहून ऐकत होते. ते पुढं आले. "खाला," ते म्हणाले, "ही अंगठी हिनं केली. दोन वर्सं झाली, आमच्या दुकानातला हरएक खडा हिनंच बसवलाय. माझा हात चालत न्हाय. ह्ये बघा." आणि त्यांनी आपला उजवा हात तिच्यासमोर धरला, थरथरता. ज्या गोष्टीसाठी ते दोन वर्षं गावाशी खोटं बोलले, ती त्यांनी अशी उघड्यावर मांडली. "हिला फिरोजा ठाव न्हवता. मला ठाव होता. म्या हिला सांगितलं न्हवतं. चूक हाय तर आमा दोघांची हाय."

खाला त्यांच्या हाताकडं बघत राहिली. ती गोष्ट तिला आधीच माहीत होती, हे तिनं त्यांना कळू दिलं नाही. पण अंगठीकडं नजर गेली आणि पुन्हा तिनं मान हलवली.

मग मला एकच उपाय सुचला. माझ्या नाकात चमकी होती, बारीक फिरोजाची, सोन्यातली; ती कधी चिंचेत गेली नव्हती. वडिलांनी हैदराबादेहून आणून लग्नात घातलेली; पुढल्या वर्षी ते गेले. त्यांच्या घरातून आलेलं माझ्या अंगावर तेवढंच उरलं होतं. मी चमकी काढली आणि चाकूच्या टोकानं त्यातला खडा सोडवला. अंगठीतल्या खड्याच्या चौथाईएवढाच, पण तसाच निळा. तो खालाच्या तळहातावर ठेवला. "नीट बघून घ्या," म्हणाले. "आता तुमीच टाका."

कालचंच न धुतलेलं गाडगं, कालचीच चिंच. मामंजींनी पाणी कोमट करून दिलं. खालानं खडा त्यात सोडला, आणि आम्ही तिघं त्या गाडग्याभोवती बसलो. मुळात हसू यावं असंच ते दृश्य. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, आमटीला काय पहारा करतायत. मामंजींना गिऱ्हाईक आलं, ते उठून गेले. आम्ही दोघी बसून राहिलो. मधूनमधून मी चमच्यानं खडा वर काढायची. निळा. पुन्हा सोडायची. दुपारची अजान झाली, तिनं तिथंच परसात माझ्या धुतल्या चटईवर नमाज पढला आणि परत येऊन बसली. हा निळाच राहिला तर? त्या क्षणी मला माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीचाही भरवसा वाटेना.

तिसऱ्या प्रहरी खडा काढला तर कडेनं पिवळट झाक आली होती. ऊन भिंतीवर चढलं तोवर तो हिरवा झाला. खालानं तो अंगठीशेजारी धरला. एकाच झाडाची पानं असावीत तसे दोन्ही दिसत होते.

"हौ," ती म्हणाली. "सारखेच झाले."

"आता पटलं?"

"पटलं." तिनं अंगठी बोटात चढवली. पेरावरून उतरली आणि बरोबर बसली. मग तिनं माझ्या नाकाकडं बघितलं. "तुझी चमकी गेली गं पोरी."

मी म्हणाले, "जाऊ दे." आणि मला खरंच तिचं काही वाटलं नाही. ते पुढं वाटलं, पण तेव्हा नाही.

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं. खाला टोपली घेऊन यायची, हिरव्या खड्याची अंगठी घातलेल्या हातानं माझा हात धरायची, बांगड्या भरायची. आणि मामंजी आता गिऱ्हाइकाला म्हणायला लागले होते, "खडा सुनेनं बसवलाय." दोनचार गिऱ्हाइकं तुटली, बाकीची टिकली. मी स्वतःवर खूश होते. वाटायचं, एका खड्याच्या बदल्यात एका आईला तिचा मुलगा परत दिला. असं वाटून घेण्यात केवढा शहाणपणा होता, ते लवकरच कळलं.

संक्रांतीच्या आठवड्यात, बायकांना बांगड्या हव्यात आणि खाला दिसेना अशा गडबडीत बातमी आली. सरकारी कागद आला होता. मास्तरांनी तो वाचला होता. इराणच्या डोंगरात तिच्या मुलाची मोटार दरीत गेली होती.

मामंजी तिच्याकडं जाऊन आले. मला म्हणाले, तू पण जा. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? चिंचेनंच रंग फिरतो हे मला पक्कं ठाऊक होतं, मी ते दोनदा बघितलं होतं. तरी मनात यायचं, कशावरून? तो खडा त्या दिवशी फिरणारच असेल आणि चिंच निमित्त झाली असेल तर? मी त्या माउलीला समोर बसवून, पटवून, तीन महिने खोट्या आशेवर ठेवलं का? तिनं त्याच दिवशी रडून घेतलं असतं. मी तिचं रडणंही लांबवलं. भाकरी गिळेना. मामंजी समजावायचे, मी त्यांच्यावरच खेकसायची.

खालाच्या घरी तिसऱ्या दिवशीची फातेहा, गेलेल्यासाठीची प्रार्थना, झाली. चौथ्या दिवशी दुपारी मी तीळ भाजत होते, तर परसाच्या दारात खाला. टोपली नाही. चार दिवसांत माणूस एवढं वाळतं, हे मी तोवर बघितलं नव्हतं. मी उठले, पण पुढं होववेना. तीळ करपायला लागले, तिनंच पुढं होऊन कढई उतरवली.

"तू आली न्हाईस," ती म्हणाली.

मी तिच्यासाठी पाट पुढं सरकवला.

"म्हनून म्याच आले. एक इचारायचं हाय. म्या खडा घेऊन तुझ्याकडं आले, ते ईदच्या आधी का मागनं?"

"मागनं. ईद होऊन गेली होती."

"तवा कसला होता?"

"निळा होता खाला."

"निळाच होता. म्या सोता पदरात बांधून आनला, मला काय याद न्हाय?" ती भिंतीला टेकून बसली. "मास्तरांनी कागदावरची तारीक वाचली. म्या त्यांना जंत्री काढायला लावली. तो शब-ए-बरातच्या आधी गेलाय. रमजानचं चांद बी दिसलं न्हवतं. समजलं का तुला? पोरगं कवाच मातीत गेलं हुतं, आन खडा माझ्या पदरात निळाचा निळा. त्याला काय बी ठाव न्हवतं. दगड त्यो."

ती हे मला सांगायला आली होती. माझ्या मनात चार दिवस काय चाललं असेल, हे तिला तिच्या घरी, त्या तसल्या दिवसांत, कसं सुचलं, मला आजही उमगत नाही.

"आजून एक हाय," ती म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला. "तवा म्या तुला पटलं म्हनले. पटलं न्हवतं. तू चमकी मोडलीस, तुझं मन मोडू नाय म्हनून म्हनले. वाटलं, तुझ्या बी खड्यानं रंग सोडला, कुनाचं तरी झालं असंल. तीन महिने रोज तुझ्या हातात बांगड्या भरल्या आन मनात म्हनत हुते, ही पोर माझ्याशी खोटं बोलली. तू खरं बोलली हुतीस. मला माफ कर बेटी."

मी तिच्यापुढं बसले. तिचा मुलगा गेला होता आणि ती माझी माफी मागत होती. मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक "असं नका हो खाला" एवढंच. मी तिचे दोन्ही हात धरले आणि मग ती रडली. मोठ्यानं, सूर काढून, लहान पोरासारखी. मध्येच श्वास घ्यायला थांबून म्हणाली, "घरी रडू देत न्हाईत गं. समदे म्हनतात सबर कर, सबर कर."

मी म्हणाले, "रडा. इथं कुनी काय म्हणत न्हाय."

बाहेर दुकानात कुणीतरी आलं होतं, संक्रांतीसाठी जोडवी बघायला. मामंजी त्याला सांगत होते, आज काम बंद हाय, उद्या या. त्यांनी मधलं दार हळूच ओढून घेतलं, आणि दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच त्या करपलेल्या तिळांजवळ बसून राहिलो.